धाग्यांवर धागा: गालिच्यासाठी नायलॉन, पॉलिएस्टर की पॉलिप्रॉपिलीन?

ओसरी
मंडळी, जुना गालिचा एकदाचा घराबाहेर काढला आणि नव्याच्या शोधात डोक्याचा भुगा झालाय. दिवाणखान्यात टाकायचाय. वर्दळ भरपूर, घरात सहा वर्षांचं कार्टं, आणि बाल्कनीचं दार त्याच खोलीत उघडतं, म्हणजे ओले पाय ठरलेले. तीन गालिचे मनात भरलेत. एकाच्या पाठीवर स्वच्छ '१०० टक्के पॉलिएस्टर' असं लिहिलंय. हात फिरवला की मांजराच्या पोटासारखा मऊ लागतो. दुसऱ्यावर 'पॉलिप्रॉपिलीन', बुटक्या लूपचा (म्हणजे दोऱ्याचे न कापलेले फास), जरा खरखरीत. तिसऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "नायलॉन आहे ताई, वर्षानुवर्षं बघायला नको." कशावरून म्हणता, असं विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. हा तिसरा चार दिवस घरी ठेवून बघायला दिलाय. आत्ता त्याच्यावरच बसून टंकतेय.

जुन्याचं रडगाणंही ऐकून घ्या. त्यावर कॉफी सांडली होती. तीनदा धुऊन काढली. रात्री डाग गायब, सकाळी त्याच जागी पुन्हा हजर! आणि सोफ्याच्या पायांनी पडलेले चार खड्डे गालिचा घराबाहेर पडेपर्यंत तसेच होते. त्याच्यावर नुसतं 'सिंथेटिक' लिहिलेलं.

तर प्रश्न असा, की सिंथेटिक म्हटलं की सगळं एकच ना? की खरंच फरक पडतो? आणि हा तिसरा नायलॉनच आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? जाणकारांनी उजेड पाडावा.

पायपुसणं
धाग्यांवर धागा काढलात, आता गुंता होणारच.
माझं मत विचाराल तर काथ्या. आमच्या घराण्याची परंपरा आहे.

लोकरगुंडा
प्लास्टिकवर बसायची इतकी हौस का? लोकर घ्या आणि विषय संपवा. शंभर ग्रॅम कोरडी लोकर हवेतली १४-१५ ग्रॅम वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ठिणगी पडली तर काजळी धरून विझते, वितळून पायाला चिकटत नाही. बाकी सगळ्या नकला.

माऊचीआई
लोकरगुंडा, तुमच्या त्या असलीला कसर लागते त्याचं काय? आमच्याकडे सोफ्याखालच्या अंधारात, व्हॅक्यूमचं तोंड जिथे पोचत नाही नेमकं तिथे, तळहाताएवढं टक्कल पडलं होतं. कसरीची अळी सिंथेटिकच्या वाटेला जात नाही, त्यात तिच्या पोटात जाण्यासारखं काही नसतं.

ओसरी, घरात मांजर असेल तर लूपवर फुली मारा. एक नख अडकलं की दोरा सरळ ओळीत उसवत जातो. बघता बघता रेल्वेचे रूळ तयार.

ताणाबाणा
बरीच वर्षं गालिच्यांच्या कारखान्यात काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

ओसरी, 'सिंथेटिक' हे आडनाव आहे. घरातली माणसं वेगवेगळ्या स्वभावाची.

थोरला नायलॉन. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने केलेला तो नायलॉन ६,६. तीन वर्षांनी जर्मनीत पाउल श्लाक यांनी वेगळ्या वाटेने नायलॉन ६ केला. गालिच्यात दोन्ही चालतात. याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे कणखरपणा. पायाखाली दबतो आणि पुन्हा उठतो. वर्दळीच्या जागी मी अजूनही यालाच पहिला नंबर देतो. दोष असा, की डाग लवकर धरतो.

पॉलिएस्टर मऊ, रंग झकास, पाण्यातले डाग सहसा आत शिरत नाहीत. पण तेलाशी त्याची गट्टी फार. आणि लव (वरचे उभे दोरे) उंच असेल तर येण्याजाण्याच्या वाटेवर लवकर चेपतो.

पॉलिप्रॉपिलीन सगळ्यात हलका. १९५४ साली इटलीत जूलिओ नात्ता यांनी प्रयोगशाळेत केला, पुढे १९६३ साली नोबेल मिळालं, झीग्लर यांच्याबरोबर विभागून. हा पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ओल्या जागी उत्तम. पण एकदा आडवा झाला की उठायला तयार नसतो. तुमचे ते चार खड्डे बघता जुना गालिचा बहुधा यातलाच.

चौथं भावंड ॲक्रिलिक. लोकरीसारखं दिसतं, उन्हात सगळ्यांपेक्षा जास्त टिकतं, पण पायाखाली त्याचे गोळे होतात.

आता नेहमी राहून जाणारी गोष्ट. तंतू कुठला हे निम्मं उत्तर झालं, बांधणी कशी हे उरलेलं. गालिच्याचा कोपरा उलटा वाकवा, लव बाहेरच्या बाजूला येईल असा. दोन ओळींमधून पाठीचं कापड दात काढून हसायला लागलं तर लव विरळ आहे. मग तंतू कितीही भारी असो, तो चेपणार. विरळ नायलॉनपेक्षा दाट पॉलिएस्टर कधीही बरा.

उगीचच
'घरातली माणसं वेगवेगळ्या स्वभावाची' :) आमच्याकडे सगळे पॉलिप्रॉपिलीन. एकदा आडवे झाले की उठत नाहीत.

पायपुसणं
हहपुवा. आणि मी पॉलिएस्टर. तेलकटाशी गट्टी.

खडूफळा
ताणाबाणा, नायलॉन डाग का धरतो याचं रसायन रंजक आहे, तेवढं सांगतो. पेशाने मास्तर असल्यामुळे सवय जात नाही.

नायलॉनचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. तिच्या टोकांना अमाइन गट असतात. आम्लात त्यांच्यावर धन प्रभार येतो. नायलॉन रंगवतात तो याच जागांवर, आम्ल रंगांनी, कारण त्यांचा प्रभार ऋण असतो. आता लाल, नारिंगी शीतपेयांत घालतात ते बरेच खाद्यरंग याच जातीचे असतात आणि पेय असतं आंबट! म्हणजे पोराने लाल पेय सांडलं तेव्हा त्याने डाग पाडलाच नाही, रीतसर रंगकाम केलं. कारखान्यात उकळत्या भांड्यात करतात ते याने खोलीच्या तापमानाला केलं इतकंच. डागरोधक नायलॉन करतात म्हणजे काय करतात, तर त्या मोकळ्या खुर्च्यांवर आधीच बिनरंगी ऋण प्रभाराची मंडळी बसवून टाकतात. ड्यूपाँचा 'स्टेनमास्टर' १९८६ साली बाजारात आला तो याच तत्त्वावर.

पॉलिप्रॉपिलीनला अशा खुर्च्याच नाहीत. म्हणून तो नंतर रंगवता येत नाही, वितळलेल्या रसातच रंग कालवून तंतू ओढतात.

फिरकी
खडूफळांना अनुमोदन. गालिचे धुण्याचा धंदा आहे माझा, रोज हेच बघते. ओसरी, एकच गोष्ट जोडते. रसातच रंगवलेल्या तंतूचा रंग आरपार असतो, गाजरासारखा. वरून रंगवलेला लाल मुळ्यासारखा, आत पांढरा. (नायलॉनही रसात रंगवलेला मिळतो, ऑफिसांत तोच टाकतात.) कोणी ब्लीच सांडलं तर मुळा गेला, गाजराला बहुतेक वेळा काही होत नाही.

आणि तुमचा परतून येणारा कॉफीचा डाग, ते भूत नाही. कॉफी लवेतून खाली उतरते आणि पाठीच्या कापडात जाऊन बसते. तुम्ही वरून पुसता, वर स्वच्छ दिसतं. रात्रभर गालिचा वाळतो तो टोकांकडून. मग खालचं पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं तंतूच्या अंगाअंगाने वर चढतं आणि कॉफी सोबत आणतं. पाणी उडून जातं, कॉफी टोकावर राहते. म्हणून रोज सकाळी 'हजर'. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टरमध्ये हे जास्त दिसतं, कारण तंतू स्वतः पाणी पीत नाही, सगळं पाणी तंतूंच्या फटींतून पळतं.

उपाय सोपा आहे. थोड्या पाण्याने ओलं करा, टिपून घ्या, घासू नका. शेवटी जाड पांढऱ्या सुती कापडाची चार पदरी घडी त्यावर ठेवा, वर प्लास्टिक आणि जड पुस्तकं. रात्रभर. सकाळी डाग कापडावर मिळेल. आणि साबण कमी! तीनदा धुतलात म्हणजे तीनदा साबण आत राहिला. तो चिकट असतो, नवा मळ ओढतो. लोक म्हणतात डाग परत आला, खरं तर ती त्या साबणावर बसलेली नवी धूळ असते.

ओसरी
फिरकी, तुमचे पाय कुठे आहेत? त्या गालिच्याला मी उगाच शिव्या घातल्या म्हणायच्या. :(

बरं, सोफ्याच्या खड्ड्यांवर बर्फाचा खडा ठेवायचा म्हणतात. मी ठेवला होता. खड्डा जागच्या जागी, वर गालिचा ओला.

खडूफळा
कारण तो पॉलिप्रॉपिलीन होता! बर्फाच्या युक्तीमागे पाणी आहे, बर्फ नाही. नायलॉन शंभराला चारेक भाग पाणी घेतो. ते पाणी साखळ्यांमधले बंध सैल करतं, मग दबलेली साखळी मूळ जागी सरकू शकते. पॉलिएस्टर शंभराला अर्धा भागही घेत नाही, पॉलिप्रॉपिलीन जवळपास शून्य. त्याच्यावर बर्फ ठेवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, अक्षरशः.

सावकाश
मग इस्त्री? आमच्याकडे ओलं फडकं टाकून वाफेची इस्त्री फिरवली होती, खड्डा छान उठला.

ताणाबाणा
थांबा! सावकाश, तुमचा नायलॉन असणार म्हणून निभावलं. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतो. नायलॉन ६ सुमारे २२० ला, ६,६ आणि पॉलिएस्टर २६० च्या जवळपास. इस्त्रीचा तवा १६५ च्या वर सहज जातो. तंतू काय आहे ते माहीत नसताना इस्त्री हातात घेऊ नका. नायलॉनवरही फडक्याच्या वर अधांतरी धरून वाफ तेवढी द्यायची, तवा टेकवायचा नाही.

इस्त्रीच कशाला, नुसती घासाघीसही पुरते. जड कपाट पॉलिप्रॉपिलीनवरून ओढलं तर मागे चकचकीत पट्टा उरतो, गोगलगाय गेल्यासारखा. ती घाण नव्हे. घर्षणाच्या उष्णतेने टोकं वितळून चपटी झालेली असतात. धुऊन जात नाही. कात्रीने तेवढी टोकं छाटणं हाच इलाज.

फिरकी
+१. गोगलगायीचा पट्टा 'धुऊन द्या' म्हणून दर महिन्याला एखादं गिऱ्हाईक येतंच.

निळीशाई
जरा माझंही दुःख. 'बांबू सिल्क' नावाचा गालिचा घेतला. चकाकी अशी, की येणारा प्रत्येक जण हात फिरवून बघायचा. एके दिवशी फुलदाणी कलंडली, साधं पाणी. वाळल्यावर तिथे पिवळट कडा आणि लव झाडूसारखी ताठ. विकणाऱ्याकडे गेले तर म्हणे, "पाणी लावायचं नसतं मॅडम." गालिच्याला पाणी लावायचं नसतं!

ताणाबाणा
निळीशाई, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बांबू सिल्क, आर्ट सिल्क ही बहुतेक वेळा व्हिस्कोसची लाडाची नावं. लाकडाचा किंवा बांबूचा लगदा विरघळवून पुन्हा तंतू केलेला असतो, म्हणजे मुळात सेल्युलोज. नायलॉनच्या अर्थाने तो सिंथेटिक नाहीच. ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून ओल्यावर घासलं की तुटून कुस निघते. भिंतीवर टांगा, सुंदर दिसेल.

निळीशाई
टांगलाय. पाहुण्यांना 'कलाकृती' म्हणून सांगते.

बोळकं
वयोमानाने एक अवांतर. कृत्रिम हिरवळ हेदेखील एक प्रकारचं कार्पेटच, नाही का? अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बेसबॉलच्या स्टेडियमला छत होतं पारदर्शक प्लास्टिकच्या तावदानांचं, खाली खरं गवत. खेळाडूंना उंच चेंडू दिसेना म्हणून तावदानं रंगवली, तर ऊन कमी पडून गवत मेलं. मग १९६६ साली तिथे नायलॉनचं गवत अंथरलं आणि त्यावरूनच 'ॲस्ट्रोटर्फ' नाव रूढ झालं. त्यावर घसरलं की कातडी भाजायची म्हणतात. आता बहुतेक हिरवळी पॉलिइथिलीनच्या असतात, ते मऊ.

पायपुसणं
म्हणजे चेंडू दिसावा म्हणून गवत मारलं आणि गवत हवं म्हणून प्लास्टिक पेरलं. बोळकं आजोबा, हे आवडलं.

कंपास
ऑफिसांच्या अंतर्सजावटीचं काम करतो. फिरकी म्हणाल्या तसं, आम्ही रसातच रंगवलेल्या नायलॉनच्या बुटक्या लूपच्या चौकोनी टाइल वापरतो. खुर्चीची चाकं दिवसभर फिरतात, दुसरं काही टिकत नाही. एक टाइल खराब झाली तर तेवढीच उचलायची, कोपऱ्यातली तिथे लावायची.

एक सावधगिरी. दाराशी गालिच्यावर रबरी पाठीचं पायपुसणं (ह.घ्या.) टाकू नका. रबरातली काही रसायनं हळूहळू गालिच्यात उतरतात आणि नेमका पायपुसण्याच्या मापाचा पिवळा चौकोन उमटतो. आमच्याकडे तो वर्षभराने लक्षात आला. धुऊन गेला नाही.

पायपुसणं
निषेध! सगळ्या पायपुसण्यांना एका मापाने मोजू नका. मी काथ्याचा आहे, वर सांगितलंय.

हिरवळ
सगळे टिकण्यावर बोलताहेत. पण हे सगळं प्लास्टिक झिजून जातं कुठे? धुळीत, हवेत, आपल्या फुप्फुसात. रांगतं मूल तर नाक गालिच्यावर ठेवूनच फिरतं. डाग बसू नये म्हणून वर फवारायचे ते फ्लोरिनवाले लेपही आहेतच. आणि नव्या गालिच्याचा तो वास?

ताणाबाणा
हिरवळ, मुद्दे रास्त आहेत, झटकून टाकणार नाही.

वास बहुतेक वेळा तंतूचा नसून पाठीला लावलेल्या लॅटेक्सचा (रबरासारख्या चिकट थराचा) असतो. ४-फिनिलसायक्लोहेक्सीन नावाचं रसायन, अगदी किंचित असलं तरी नाकाला कळतं. खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत उतरतो. फ्लोरिनच्या लेपांबद्दल सहमत. ३एम कंपनीने जुन्या प्रकारातली काही रसायनं बंद करतोय असं २००० साली स्वतःच जाहीर केलं होतं. माझा सल्ला, घरासाठी लेप नसलेलाच मागा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरला पाण्यातल्या डागांसाठी त्याची फारशी गरजही नसते.

झडण्याचं म्हणाल तर सूत कसं केलंय ते बघा. आखूड तंतू पिळून केलेलं सूत महिनोन्महिने कुस सोडतं. अखंड तंतूचं सूत खूप कमी झडतं. म्हणून बोटं लवेत खुपसून जरा जोरात चोळा. बोटांना कापूस लागला तर आखूड तंतू.

पुनर्वापरात नायलॉन ६ ला एक सोय आहे, त्याची साखळी उलट उलगडून मूळचा कच्चा माल, कॅप्रोलॅक्टम, मिळवता येतो आणि त्यातून नवा नायलॉन. गालिच्याचा पॉलिएस्टरही बाटल्यांपासून केलेला पुष्कळ मिळतो. मात्र तंतू, लॅटेक्स, चुनखडीची भुकटी, पाठीचं कापड हे सगळं एकमेकांना चिकटलेलं सोडवणं हीच खरी डोकेदुखी. जुने गालिचे बरेचसे कचऱ्यातच जातात, हे मान्य करायलाच हवं.

लोकरगुंडा
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माऊचीआई
कसर.

सावकाश
ट्रायएक्स्टा म्हणून एक प्रकार ऐकलाय, तो काय?

ताणाबाणा
पॉलिएस्टरचाच चुलतभाऊ. साध्या पॉलिएस्टरच्या साखळीत दोन कार्बनचा दुवा असतो, यात तीन. एवढ्या एका कार्बनने साखळी नागमोडी होते आणि स्प्रिंगसारखी दबून उठते. म्हणजे पॉलिएस्टरसारखी पाण्यातल्या डागांपासून सुटका आणि नायलॉनच्या जवळ जाणारा कणखरपणा. १९४१ साली ब्रिटनमध्ये पॉलिएस्टर शोधला तेव्हाच याचंही पेटंट झालं होतं, पण तीन कार्बनवाला कच्चा माल फार महाग. तो मक्याच्या साखरेतून आंबवून काढता यायला लागला तेव्हा गाडी पुढे सरकली. 'ट्रायएक्स्टा' हे वेगळं नाव अमेरिकेत २००९ साली मान्य झालं. तेलाचा वैताग मात्र यालाही आहे.

उगीचच
रच्याकने, हिवाळ्यात गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो तो कोणामुळे?

खडूफळा
कोरड्या हवेमुळे आणि तुमच्या चपलांमुळे. तंतू आणि तळवे घासले की इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात. हवेत ओल असली तर प्रभार निसटून जातो, कोरडी असली तर अंगावर साठतो. चटका जाणवला म्हणजे अंदाजे ३००० व्होल्टच्या वर गेलात असं धरा! विद्युतधारा क्षणभराची आणि नगण्य म्हणून जिवंत आहात. नायलॉन यात पटाईत. यंत्रं असलेल्या खोल्यांसाठी सुतात मधूनमधून कार्बनचा काळा तंतू घालतात, प्रभार त्यातून पसरून जातो.

ओसरी
सगळं वाचतेय, वाचनखूणही साठवलीय. पण माझा मूळ प्रश्न गालिच्याखाली सरकवलात की! हा तिसरा नायलॉन आहे की नाही? जाळून बघतात म्हणे.

खडूफळा
जाळणं शेवटी. आधी पाणी.

पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, म्हणजे पाण्यापेक्षा हलका. नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८. साध्या पाण्यात पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, बाकी दोन बुडतात. आता दुसऱ्या ग्लासात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. त्यात नायलॉन तरंगेल, पॉलिएस्टर बुडेल. दोन ग्लासांत तीन भावांची ओळख परेड. जाळायचंच झालं तर चिमट्यात एकच दोरा, खाली धातूची ताटली, पोराला लांब ठेवा. वितळलेला थेंब हातावर पडला तर चामडी घेऊनच निघतो.

ओसरी
केला! कडेचा एक झुबका पाठीकडून उपटला आणि साध्या पाण्याच्या ग्लासात सोडला. बुडाला!! सरळ तळाशी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नाही. विकणारा खरं बोलत होता, मी उगाच संशय घेतला.

ताणाबाणा
ओसरी, पाठीकडून उपटलात ना? झुबक्याच्या बुडाला पांढरट टणक गोळा आहे का बघा.

ओसरी
आहे. मोहरीएवढा.

ताणाबाणा
तो लॅटेक्स आहे आणि त्यात चुनखडीची भुकटी भरलेली असते. चांगली जड. गळ्यात धोंडा बांधून पोहायला सोडलंत बिचाऱ्याला. वरची टोकं तेवढी कात्रीने कापा आणि पुन्हा करा.

खडूफळा
आणि पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, दोरा पाण्याखाली बोटांनी दाबून बुडबुडे काढा. नाहीतर अडकलेल्या हवेनेच तरंगेल आणि उलटी फसगत होईल.

ओसरी
वरची टोकं कापली, साधारण नखाएवढी. साबणाचा थेंब. पाण्याखाली चिमटीत धरून तीनदा पिळलं, बारीक बुडबुडे निघाले, मग निघेनासे झाले. बोटं सोडली.

वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. मुलगा म्हणाला, "आई, त्याला पोहता येतं." शेजारी पॉलिएस्टरच्या नमुन्याचा दोरा टाकला, तो गेला तळाशी आणि बसला.

उगीचच
पकडला!

फिरकी
आता चिमट्यात एक दोरा धरून जाळून बघा, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास येईल. ज्योतीपासून आखडणं आणि टोकाला टणक मणी होणं दोघांतही दिसतं, फरक वासात. नायलॉन असता तर सेलरीच्या भाजीसारखा वास आला असता.

ओसरी
मेणबत्ती. अगदी तोच वास.

संध्याकाळी विकणाऱ्याला फोन केला. म्हटलं, हा पाण्यावर तरंगतो, नायलॉन बुडतो. तो क्षणभर गप्प. मग म्हणतो, "ताई, आमच्याकडे प्लास्टिकच्या सगळ्यालाच नायलॉन म्हणतात."

पायपुसणं
त्याच्या प्रामाणिकपणाची घनता ०.९१. वर आलाच शेवटी.

ताणाबाणा
खरं सांगायचं तर दर वेळी लबाडी असतेच असं नाही. दोरी, पिशवी, ताडपत्री, सगळ्याला 'नायलॉन' म्हणायची सवय आहे लोकांना.

मग ठरलं काय? तिसऱ्याची लव कापलेली आणि उंच असेल तर वर्दळीच्या खोलीत नको. तुमचा दोन नंबरचा बुटक्या लूपचा पॉलिप्रॉपिलीन चालेल, लूप मुळातच कमी चेपतो. बाल्कनीचं ऊन थेट येत असेल तर मात्र ऊन-रोधक घातलंय का ते विचारून घ्या. नुसता पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठिसूळ होतो.

ओसरी
तिसरा परत पाठवला. बाल्कनीच्या दाराशी तो बुटका लूप घेतेय, ऊन-रोधक असलेला, त्यांनी लिहून दिलंय. सोफ्यापुढे नायलॉन. या वेळी दुसरीकडून, लेबल बघून, आणि वरची टोकं कापून मीठपाण्याच्या ग्लासात टाकून. (विकणारा बघतच राहिला. त्यानेच ग्लास आणून दिला होता, त्याला वाटलं मला प्यायला हवंय.) साध्या पाण्यात बुडाला, मीठपाण्यात तरंगला. कोपरा उलटा वाकवला, दात दिसले नाहीत.

खडूफळा
शंभरपैकी शंभर. बसा खाली.

ताणाबाणा
शाबास. फक्त नोंद म्हणून, पोकळ तंतूचा पॉलिएस्टर असता तर मीठपाण्याने फसवलं असतं. पण लेबल आहे म्हणता, तर ठीक.

माऊचीआई
लूप घेतलात? घरात मांजर नाही ना नक्की?

ओसरी
नाही हो. म्हणजे कालपर्यंत तरी नव्हतं. आज बाल्कनीत एक येऊन बसलंय आणि मुलाने त्याला नाव ठेवलंय.

माऊचीआई
काय नाव?

ओसरी
नायलॉन.